आर्मी चीफ लढाई लढवतो का? एका जुन्या तोपचीचं लांबलचक उत्तर

मागच्या रविवारी कॉलेज रोडला आमच्या एसएसबीच्या (म्हणजे लष्करात ऑफिसर व्हायच्या मुलाखतीच्या) बॅचमध्ये एका पोराने विचारलं, सर, लष्करप्रमुख नक्की करतो काय, युद्ध झालं की ऑर्डर तोच देतो ना, आणि आता सीडीएस, म्हणजे चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ, आलाय तर मग त्याला काम काय उरलं? तेव्हा दोन वाक्यात गुंडाळलं कारण ग्रुप डिस्कशनची वेळ झाली होती, पण घरी जाताना लॅम रोडवर ट्रकमागे अडकलो तेव्हा वाटलं की पोराला आपण फसवलं, प्रश्न बरोबर होता आणि उत्तर पाट्या टाकून दिलं. म्हणून आता सविस्तर लिहितोय, वेळ असेल तर वाचा.

आधी माझं सांगतो म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. तोफखान्यात २६ वर्षं काढली, त्यात देवळालीला दोन पोस्टिंग, कर्नल म्हणून बाहेर पडलो आणि नाशिकलाच राहिलो. चीफला जवळून पाहिलंय मोजून तीनदा, त्यातल्या दोनदा मी लाइनीत सावधान उभा होतो, म्हणजे मी काही त्यांच्या आतल्या गोटातला नाही. पण चीफ येणार म्हटलं की आठवडाभर झाडांच्या बुंध्यांना चुना-गेरू मारून घेणारे जे असतात त्यातला मी नक्की आहे.

पहिला प्रश्न, ऑर्डर तोच देतो का. पदाचं नाव नीट बघा, चीफ ऑफ द आर्मी स्टाफ. आपण घाईत आर्मी चीफ म्हणतो आणि तो स्टाफ शब्द गिळून टाकतो, खरी मेख तिथेच आहे. राज्यघटनेच्या ५३व्या कलमाप्रमाणे संरक्षण दलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे, लढायचं की नाही हा निर्णय मंत्रिमंडळाचा, आणि प्रत्यक्ष लढाई लढवतात ते कमांडचे आर्मी कमांडर. आपल्या लष्कराच्या सात कमांड आहेत, उधमपूर, चंडीमंदिर, कोलकाता, लखनौ, जयपूर, आपलं पुणं आणि सातवी शिमल्याची ती ट्रेनिंगची. चीफ या सगळ्यांच्या वर आहे, पण तो नकाशावर बोट ठेवून ही बटालियन इकडे हलवा असं रोज सांगत बसत नाही, बसू पण नये. १६ डिसेंबर १९७१ चा ढाक्याचा तो फोटो आठवा, नियाझी सही करतोय, ९३ हजार कैदी हातात आलेत, आणि त्याच्या शेजारी बसलेत जगजितसिंग अरोरा, ईस्टर्न कमांडचे आर्मी कमांडर. तेव्हाचे चीफ माणेकशॉ त्या फोटोत नाहीत. ज्याचं नाव पोराटोरांना पाठ आहे तो माणूस विजयाच्या फोटोतच नाही, ही गोष्ट मी दरवर्षी क्लासमध्ये सांगतो आणि दरवर्षी दोघंतिघं तरी मोबाईल काढून चेक करतात.

मग तो करतो काय? तर १२ लाखांच्या आसपास माणसांची फौज आज, उद्या आणि अजून पंधरा वर्षांनी लढायच्या लायकीची राहील हे बघतो. कुठली तोफ घ्यायची, दारूगोळा किती दिवसांचा साठवायचा, कुठली डिव्हिजन पश्चिमेकडून काढून चीनच्या बाजूला न्यायची, कोणाला जनरल करायचं आणि कोणाला कर्नल म्हणून घरी पाठवायचं (हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही), आणि सरकारला काय सांगायचं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड, त्याच्याकडे येतोच.

तोफांचंच उदाहरण घ्या, कारण मला तेच नीट येतं. बोफोर्सचा करार झाला मार्च १९८६ मध्ये, तेव्हा चीफ सुंदरजी होते. त्या तोफा खऱ्या अर्थाने कामाला आल्या १९९९ ला कारगिलमध्ये, तेव्हा चीफ व्ही. पी. मलिक. त्या लढाईत तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे आणि रॉकेटं टाकली. म्हणजे एकाच्या काळात करार आणि तेरा वर्षांनी दुसऱ्याच्या काळात लढाई, मधे अजून चार चीफ येऊन गेले. उलटं पण तितकंच खरं, बोफोर्सनंतर जवळपास ३० वर्षं नवीन मोठी तोफच आली नाही. के-९ वज्र आणि एम-७७७ आल्या त्या नोव्हेंबर २०१८ मध्ये, तो कार्यक्रम इथे देवळालीलाच झाला, संरक्षणमंत्री आणि चीफ दोघंही आलेले. त्या दिवशी बहुला किल्ल्याच्या बाजूने जे धडाम आवाज येत होते ते ऐकून भगूरच्या लोकांनी नेहमीसारखा चहा प्यायला असेल, त्यांना काय त्याचं, पण जुन्या तोपचींचे डोळे ओले झाले होते हे खरंय. मुद्दा काय, तर चीफला जे हातात मिळतं ते आधीच्यांनी मागितलेलं असतं, आणि तो स्वतः जे मागतो ते वापरायला तो तिथे नसतो. तीन वर्षांची खुर्ची आणि वीस वर्षांचं काम, असा विचित्र हिशेब आहे.

आता इतिहास. आपल्याकडे सेनापती म्हटलं की पोरं थेट घोड्यावर बसतात, म्हणून तिथूनच सुरू करतो. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानात सेनापती हा आठातला एक. बाकीचे पण पंडितराव आणि न्यायाधीश सोडले तर वेळ पडली की लढाईवर जायचे, पण फौजेचा प्रमुख मंत्रिमंडळात बसलेला, राजाच्या समोर, ही रचना बघून ठेवा, पुढे कामाला येईल. प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाला पकडून सोडून दिला, महाराजांनी कडक शब्दांत झापलं, आणि २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीच्या खिंडीत प्रतापराव सहा जणांना घेऊन खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही गेले. हे ऐकताना अंगावर काटा येतो, माझ्याही येतो. पण सैनिक म्हणून विचाराल तर सरसेनापतीचं काम ते नव्हतं, त्याच्यामागे अख्खी फौज उभी होती. हे बोललं की क्लासमध्ये निम्मी पोरं माझ्यावर चिडतात, चिडू देत. मला त्या गोष्टीत जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं, की हंबीरराव मोहित्यांनी फौज लगेच हातात घेतली, फौज विस्कटली नाही आणि चार महिन्यांत राज्याभिषेक झाला. माणूस गेला तरी पद उभं राहिलं. नंतर शाहू महाराजांच्या काळात तेच पद दाभाड्यांच्या घरात वडिलांकडून मुलाकडे गेलं आणि १७३१ ला डभईला पेशवा आणि सेनापती एकमेकांविरुद्धच लढले, त्यात त्रिंबकराव दाभाडे मारले गेले. सेनापतीपद वारशाने द्यायला लागलं की काय होतं त्याचा हा आपल्या घरातलाच पुरावा. आज तीन वर्षं किंवा वयाची ६२, जे आधी होईल तेव्हा सॅल्यूट मारून घरी, हा नियम कोरडा वाटतो, पण डभई आठवली की गोड लागतो.

इंग्रजांचा काळ पटकन उरकतो. कंपनीच्या तीन वेगवेगळ्या फौजा होत्या, बंगाल, मद्रास, मुंबई, त्या १८९५ ला एक केल्या. वर कमांडर-इन-चीफ, आणि तो व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये बसायचा, मानाने व्हाइसरॉयच्या खालोखाल. पण त्याच कौन्सिलमध्ये अजून एक मिलिटरी मेंबर असायचा, रँकने कमी, पण पुरवठा आणि पैसा त्याच्याकडे. १९०२ ला किचनेर कमांडर-इन-चीफ म्हणून आला आणि म्हणाला हा दुसरा माणूस नको, सगळं माझ्याकडे द्या. व्हाइसरॉय कर्झन म्हणाला एकाच सैनिकाच्या हातात सगळं देणार नाही. लंडनने किचनेरची बाजू घेतली आणि १९०५ ला कर्झनने राजीनामा दिला. बंगालच्या फाळणीवाला कर्झन म्हणून आपण त्याला शिव्या घालतो, घालायलाच पाहिजेत, पण या एका भांडणात तो बरोबर होता असं माझं मत आहे.

मग १५ ऑगस्ट १९४७. स्वतंत्र भारताचा पहिला लष्करप्रमुख कोण, असं इंटरव्ह्यूला विचारलं की नव्वद टक्के पोरं करिअप्पा म्हणतात. चूक. पहिले रॉब लॉकहार्ट, डिसेंबर ४७ पर्यंत, मग रॉय बुचर. दोघंही इंग्रज. आणि काश्मीरची पहिली लढाई चालू असताना पाकिस्तानच्या लष्कराचा प्रमुख पण इंग्रजच, म्हणजे दोन देश लढतायत आणि दोन्हीकडे वर बसलेले साहेब एकाच देशाचे. ऑक्टोबर १९४७ मध्ये जीनांनी काश्मीरमध्ये फौज घुसवायला सांगितलं तेव्हा तिकडचा हंगामी प्रमुख ग्रेसी तयार झाला नाही, त्याने दोन्हीकडचा सुप्रीम कमांडर ऑकिन्लेकला कळवलं, आणि ऑकिन्लेक विमानाने लाहोरला गेला आणि जीनांना म्हणाला की असं केलंत तर आम्ही सगळे ब्रिटिश ऑफिसर काढून घेऊ. ऑर्डर मागे आली. तेव्हा ते आपल्या फायद्याचं झालं म्हणून आपण हसतो, पण परदेशी माणूस प्रमुख ठेवला की तो शेवटी कोणाचं ऐकतो ते त्यात दिसतं. १५ जानेवारी १९४९ ला करिअप्पांनी बुचरकडून चार्ज घेतला, वय ४९, आणि म्हणून १५ जानेवारीला आर्मी डे.

याच काळातली एक गोष्ट पुस्तकात एका ओळीत येते, पण मला ती फार मोठी वाटते. दिल्लीतलं तीन मूर्ती भवन माहितीये ना? ते मुळात कमांडर-इन-चीफचं घर, फ्लॅगस्टाफ हाऊस म्हणायचे. १९४८ ला तिथे पंतप्रधान नेहरू राहायला गेले. एका शब्दाचं भाषण न करता दिल्लीला कळलं की आता या घरात कोण राहणार. पुढे १९५५ ला कायदाच केला, कमांडर-इन-चीफ हे नाव काढून चीफ ऑफ स्टाफ केलं, राजेंद्रसिंहजी हे शेवटचे कमांडर-इन-चीफ आणि पहिले आर्मी चीफ. शेजारच्या देशात काय झालं ते तुम्हाला माहितीये, तिकडे १९५८ ला अयुब खान लष्करप्रमुखाचे थेट सर्वेसर्वा झाले. दोन्ही फौजा एकाच आईच्या पोटच्या, ट्रेनिंग एक, मेसचे रिवाज एक, पण खुर्ची कुठे ठेवायची ते आपण वेळेवर ठरवलं.

पण खुर्ची लांब ठेवली म्हणजे माणसाचं ऐकायचंच नाही असं झालं की काय होतं ते १९६२ ला बघितलं. थिमय्या चीफ होते, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन, दोघांचं जमेना, बढत्यांवरून खटके. १९५९ ला थिमय्यांनी राजीनामा दिला, नेहरूंनी बोलावून समजूत घातली, त्यांनी मागे घेतला, आणि मग संसदेत त्यांच्यावरच टीका झाली. माझ्या मते त्यांनी एकतर द्यायचा नव्हता किंवा दिला तर परत घ्यायचा नव्हता, त्या एका गोष्टीने पुढच्या चीफच्या शब्दाची किंमत कमी झाली. त्याच वेळी ईस्टर्न कमांडला आपले शंकरराव थोरात होते, कोल्हापूरकडचे, त्यांनी नेफाचा, म्हणजे आजच्या अरुणाचलचा, बचाव कुठे मागे सरून करावा लागेल याचा आराखडा दिला, मार्च १९६० ला लखनौला लाल किला नावाचा अभ्यास घेऊन दाखवला पण. १९६१ ला थोरात निवृत्त झाले, थापर चीफ झाले, आराखडा फाइलीत राहिला. ऑक्टोबर-नोव्हेंबर ६२ ला जे व्हायचं ते झालं आणि थापरांना राजीनामा द्यावा लागला. थापर वाईट माणूस नव्हते. पण पुढे ठाणी टाकू नका, आपली तयारी नाही, हे जेवढ्या जोरात सांगायला पाहिजे होतं तेवढ्या जोरात सांगितलं गेलं नाही.

इथे नाशिकचा धागा येतो. मेनन गेले आणि हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, आणि लोकसभेत निवडून गेले ते आपल्या नाशिकमधून, १९६३ च्या पोटनिवडणुकीत, बिनविरोध. चव्हाणांनी एक साधी सवय लावली, तिन्ही प्रमुखांबरोबर सकाळी बसायचं, ऐकून घ्यायचं आणि लष्करी कामात नाक खुपसायचं नाही. तरी १९६५ ला घोळ झालाच, यावेळी उलट्या बाजूने. सप्टेंबरमध्ये शास्त्रीजींनी चीफ चौधरींना विचारलं की लढाई अजून काही दिवस चालली तर मोठा विजय मिळेल का, तर चौधरी म्हणाले दारूगोळा संपत आलाय. युद्धबंदी झाली. नंतर हिशेब लागला तेव्हा कळलं की मोठा भाग शिल्लकच होता. आमच्याकडे गन पोझिशनवर संध्याकाळी राउंडचा ताळा लागल्याशिवाय चहा गळ्याखाली उतरत नाही, आणि इथे देशाच्या चीफकडे आकडा चुकीचा! सरकारने विचारलं, ऐकलं, विश्वास ठेवला, पण सांगणाऱ्याचंच गणित कच्चं. म्हणून मी पोरांना सांगतो की नुसतं निर्भीड असून भागत नाही, आकडे पाठ पाहिजेत.

माणेकशॉंची एप्रिल १९७१ ची गोष्ट सगळ्यांना माहिती आहे म्हणून थोडक्यात. इंदिरा गांधींनी पूर्व पाकिस्तानात कधी जाता येईल विचारलं, ते म्हणाले आत्ता नाही, पाऊस येईल, नद्या समुद्र होतील, हिमालयातले घाट उघडे असतील तोवर चीनची भीती, मला वेळ द्या. राजीनाम्याची पण तयारी दाखवली. ही गोष्ट त्यांनीच नंतर रंगवून सांगितलेली आहे, आणि काही इतिहासकार म्हणतात की सरकारला पण तेव्हा फार घाई नव्हती. असेल तसं. पण ३ डिसेंबरला लढाई पेटली तेव्हा थंडी होती, खिंडी बर्फाने बंद होत्या, रस्ते कोरडे होते आणि तेरा दिवसांत विषय संपला, हे काही रंगवलेलं नाही. थोरातांनी पण असाच आकड्यांसकट आराखडा मांडला होता, फरक एवढाच की माणेकशॉंचं ऐकलं गेलं.

आता निवड. सगळ्यात सीनियर तोच होतो का? बहुतेक वेळा हो, पण तसा नियम नाही, मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती ठरवते. १९८३ ला एस. के. सिन्हांना बाजूला ठेवून आपले अरुणकुमार वैद्य चीफ झाले, सिन्हांनी राजीनामा दिला आणि आयुष्यभर त्याचा बाऊ केला नाही. वैद्य साहेबांना महावीर चक्र दोनदा, ६५ ला आणि ७१ ला, रणगाड्यातला माणूस. निवृत्तीनंतर सहाच महिन्यांत, १० ऑगस्ट १९८६ ला पुण्यात त्यांना गोळ्या घालून मारलं, कारण ब्लू स्टारच्या, म्हणजे सुवर्णमंदिरातल्या कारवाईच्या वेळी ते चीफ होते. सरकारचा निर्णय, पण त्याची किंमत वर्दी उतरवल्यावर एका माणसाने दिली. २०१६ ला बिपिन रावत दोघांना ओलांडून चीफ झाले तेव्हा पण गवगवा झाला. मग नरवणे पुण्याचे आणि त्यांच्यानंतर मनोज पांडे नागपूरचे, लागोपाठ दोन मराठी चीफ, आणि पांडे तर इंजिनिअर्समधून आलेले पहिलेच. आमच्या तोफखान्याचे पण झालेत हां, कुमारमंगलम, मल्होत्रा, रॉड्रिग्ज, पद्मनाभन, दीपक कपूर.

सीनियॉरिटी मोजताना खरा राजा कोण तर जन्मतारीख. लेफ्टनंट जनरल ६० ला निवृत्त होतो, त्यामुळे खुर्ची रिकामी होईल त्या दिवशी तुम्ही साठच्या आत पाहिजे, नाहीतर कितीही हुशार असा, संपलं. उपेंद्र द्विवेदींचा जन्म १ जुलै १९६४ चा, ते चीफ झाले ३० जून २०२४ ला, म्हणजे ज्या दिवशी घरी जायचे त्याच दिवशी वर गेले. आणि चीफ व्ही. के. सिंगांचं प्रकरण तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, दहावीच्या सर्टिफिकेटवर १९५१ आणि एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) फॉर्मवर १९५०, शेवटी २०१२ ला अर्ज मागे घ्यावा लागला. त्यामुळे फॉर्म भरताना जन्मतारीख सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर सोडू नका असं मी ओरडतो तेव्हा हसू नका.

सीडीएसचं विचारलं होतं. १ जानेवारी २०२० पासून ते पद आहे, पहिले रावतच. सीडीएस हा तिन्ही प्रमुखांचा बॉस नाही, समानांतला पहिला म्हणा हवं तर, त्याच्याकडे एकत्रित नियोजन, खरेदीची प्राथमिकता आणि मंत्र्यांना तिन्ही दलांच्या वतीने सल्ला. लष्कराची कमान चीफकडेच आहे. पुढे थिएटर कमांड झाल्या, म्हणजे एका भागातलं भूदल, नौदल, हवाईदल एकाच्या हाताखाली, तर लढाई चीफच्या हातातून अजून लांब जाईल आणि त्याच्याकडे माणसं घडवणं, सामान जमवणं, ट्रेनिंग एवढंच राहील. काही जुने लोक याने नाराज आहेत. मला विचाराल तर तो १९५५ ला जे नाव दिलं त्या नावाला सत्तर वर्षांनी जागेल, एवढंच होईल.

क्लास सुटल्यावर एक पोरगी थांबली होती, मुलींच्या सेवापूर्व तयारी संस्थेतली, इथेच नाशिकला २०२३ पासून चालू आहे ती. म्हणाली सर, मुलगी चीफ होईल का? मी म्हटलं तोफखान्यात पहिल्या पाच मुली ऑफिसर झाल्या एप्रिल २०२३ ला, तेव्हा दार तर उघडलंय. तिने वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं, एनडीएची तीन वर्षं, डेहराडूनच्या आयएमए अकादमीचं एक, म्हणजे २०३० ला कमिशन मिळून ऑफिसर, द्विवेदी साहेब कमिशननंतर साडेएकोणचाळीस वर्षांनी चीफ झाले, तर माझं २०६९ किंवा ७०. मग जन्मतारीख टाकून साठच्या आत बसतंय का बघितलं. बसत होतं, द्विवेदी साहेबांसारखंच अगदी काठावर.